काळा गॉगल पुरत नाही

बाबांच्या डोळ्याच्या पडद्याखाली रक्त आणि पाणी साचत होतं. वयोमानानं होणाऱ्या मॅक्युलाच्या आजारातला पॉलिपचा प्रकार निघाला. आशियाई लोकांत तो अधिक दिसतो. त्यात डोळ्यातलं इंजेक्शन आणि थंड लेझर यांची जोड एकट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरते, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एव्हरेस्ट-२ चाचणीत दिसलं. उपचार योग्यच होता. मला सांगायचंय ते नंतरच्या दिवसांबद्दल.

या लेझरआधी हाताच्या शिरेतून व्हर्टिपोर्फिन नावाचं औषध देतात. प्रकाश पडला की ते काम करू लागतं. डॉक्टर पडद्यावर नेमक्या जागी ८३ सेकंद लाल प्रकाश टाकतात, पण औषध तर अंगभर फिरलेलं असतं. मिळालेल्या कागदावर 'डोळे उन्हापासून जपा' एवढंच होतं. रात्री माझ्याकडे अमरावतीला राहून बाबा दुसऱ्या दिवशी एसटीनं अकोल्याला निघाले. मे महिना, काळा गॉगल, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिडकीची जागा. मूर्तिजापूर येईतो हात लालबुंद, रात्री फोड.

"जलमभर उन्हातच त काढलं, आजच कसं भाजलं वं?" ते मला फोनवर विचारत होते.

म्हणून सांगते, लेझरनंतर ५ दिवस अंगभर कपडे हवेत: पूर्ण बाह्या, हातमोजे, पायमोजे, रुंद काठाची टोपी. प्रवास दिवस मावळल्यावरच करा. सनस्क्रीनवर विसंबू नका, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रखर उजेडानंही हे औषध जागं होतं. हॅलोजनचा दिवा, दातांच्या डॉक्टरांचा दिवाही टाळा. मात्र माणसाला अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. घरातल्या सौम्य उजेडानंच कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं.

बाबांना सोबत डोळ्यात स्टिरॉइडही दिलं होतं. काही आठवड्यांनी कपाळ दुखू लागलं. ऊन लागलं असेल म्हणून सगळे पन्हं पाजत होते. तपासणीत डोळ्याचा दाब वाढलेला निघाला, थेंबांनी तो उतरला. पुष्कळदा हा दाब काहीच न दुखता वाढतो आणि नजर खातो. त्यामुळे त्रास नसला तरी दाब मोजायची तारीख आधीच ठरवून घ्या. स्टिरॉइडनं मोतीबिंदूही लवकर वाढतो, तेही विचारून ठेवा.

आणि डोळ्यात सुई गेल्यावर पहिल्या काही दिवसांत डोळा लाल होऊन ठणकू लागला, नजर मंदावली, तर जंतुसंसर्ग असू शकतो. सकाळची वाट न पाहता, मेडिकलमधून थेंब न आणता, त्याच रात्री पडद्याच्या डॉक्टरांना फोन लावा.