हिप्परग्याच्या पाणपक्ष्यांसाठी दुर्बीण

प्रश्न : हिप्परगा तलावावर पक्षी पाहायला कोणती दुर्बीण घ्यावी? (एक वाचक, भवानी पेठ, सोलापूर)

उत्तर : सुरुवातीला 8×42 ची दुर्बीण सर्वांत सोयीची. 8 म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो. 42 हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. 12 पटींची दुर्बीण हातात थरथरते. दूर पाण्यात बसलेल्या पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे नीट पाहायचे, तर 20 ते 60 पटींचा स्पॉटिंग स्कोप हवा, तोही भक्कम तिपाईवर. तिपाईचा मधला दांडा वर काढू नये, वाऱ्यात तो हलतो. उन्हे चढली की पाण्यावरची हवा लहरते आणि महागडे भिंगही धूसर दाखवते. म्हणून सकाळीच, सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे. काठावर कुणी पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी बंदूक घेऊन आलेले दिसल्यास वनविभागाला जरूर कळवावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा आहे.