पत्रा कुजलाय, गाडी नाही

अगं, पायाखालची चटई उचलली आणि भोकातून खालची माती दिसली, एवढ्यावरून गाडी भंगारात घालायला निघालीस होय? जरा थांब. बघ, तुझ्या मामंजींची मारुती ८०० आहे २०१०ची. त्याच वर्षी एप्रिलपासून प्रदूषणाच्या नव्या नियमामुळं मुंबई, पुणे, सोलापूर धरून १३ शहरांत तिची विक्री थांबली, आपल्या जालन्याकडं मात्र ती पुढंही मिळत राहिली. त्या गाड्यांच्या नोंदणीची पंधरा वर्षं २०२५पासून भरू लागलीत. तेव्हा धावड्यात बसून आरटीओच्या धास्तीनं झोप उडालेली तू काही एकटीच नाहीस.

पण दुर्लक्षही करू नकोस हं. बोलेरोला खाली वेगळी चासी असते, ८००ला नसते. तिचा सगळा भार त्या पत्र्याच्या सांगाड्यावरच. म्हणून भोक केवढं आहे यापेक्षा कुठं आहे ते आधी बघ. पाय ठेवायच्या सपाट जागी असेल तर काम सोपं. सीटचे बोल्ट, सीटबेल्टचा बोल्ट, दाराखालची पट्टी किंवा जॅक लावायची जागा गेली असेल, तर तिथं जोडाचं काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यायचं. त्यात काटकसर नको गं.

एका दुपारी सीट काढ, गालिचा काढ, त्याखालचा नमदाही काढ. तो ओला लागला की समज, पाणी काचेच्या नाहीतर दाराच्या रबरातून येतंय. तेही बदल, नाहीतर नवा पत्रासुद्धा कुजेल. आणि त्या गाडीतून युरियाची पोती आणली होतीत ना? सांडलेलं खत ओल धरतं आणि पत्रा खातं. मी तर दर दिवाळीला गाडी आतूनसुद्धा पाइपनं धुवायचे, आणि वर कौतुक करून घ्यायचे! आता स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं सगळीकडं ठोकून बघ, माठ घेताना वाजवतो तसं. जिथं बद्द आवाज येईल तिथं टोक दाबून बघ. आत गेलं तर तिथपर्यंत कुजलंय. खडूनं गोल कर आणि मोबाइलवर फोटो काढून ठेव.

डेंटिंगवाला म्हणेल, ‘ताई, एम-सील लावून वरून काळं कोटिंग मारतो, कुणाला कळणार नाही.’ ऐकू नकोस. पत्र्याला जोर त्यानं येत नाही. कुजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायला सांग, २० गेजच्या आसपासचा साधा पत्रा घ्यायला सांग आणि सीओटू वेल्डिंग कर म्हणावं. गॅसच्या ज्योतीनं पातळ पत्रा फार तापतो आणि वाकडातिकडा होतो. नुसती चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून मग जोडायचं, म्हणजे ती पुढं पळत नाही. घरावरचा जस्ताचा पत्रा उरलाय म्हणून तो देऊ नकोस, वेल्डिंगला त्याचा धूर बाधतो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढली का, ते तू स्वतः उभं राहून बघ. फ्लोअरखालून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जाते, ती बाजूला घेतली पाहिजे. जवळ वाळूची बादली हवी. लाजायचं काय त्यात? गाडी आपली, जीव आपला. आणि कोरलेल्या चासी नंबरवर ग्राइंडर फिरू देऊ नकोस. तो पुसला गेला तर आरटीओत पत्र्यापेक्षा मोठी पंचाईत. जोड झाला की दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड, सांध्यात सीलंट आणि खालून कोटिंग, याच क्रमानं. गालिचा टाकण्याआधी पुन्हा फोटो काढ.

कागदांचं म्हणशील तर नोंदणीची मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून फॉर्म २५ भरता येतो. विमा आणि पीयूसी चालू ठेव. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी २०२२मध्ये ५,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये चढतात. गाडी निरीक्षकाला दाखवावी लागते. पास झाली की पुढची पाच वर्षं काळजी नाही.

तेव्हा खर्चाचा आकडा दोन ठिकाणी विचार, भोकरदनला एक आणि सिल्लोडला एक. सीटबेल्टच्या बोल्टाजवळचा आणि दाराखालचा पत्रा शाबूत असेल तर बिनधास्त दुरुस्त कर. ते दोन्ही गेलं असेल, तर मात्र पैसे घालायच्या आधी मला फोन कर.