अश्वगंधामूळ : काढणीचा काळ कसा ओळखावा?

गतवर्षी माघ महिन्याच्या आरंभी सांगोला तालुक्यातील एक शेतकरी दोन रोपे मुळासकट उपटून माझ्या चिकित्सालयात घेऊन आले. पाऊण एकरात त्यांनी प्रथमच आस्कंद लावला होता. ढग येऊ लागल्याने व्यापारी रोज दूरध्वनी करून "आताच काढा" म्हणत होता. "वैद्यबुवा, काढू का थांबू?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. आपण चूर्ण, घृत, अरिष्ट यांची गुणवत्ता तपासतो. परंतु मूळ जमिनीतून कधी निघाले हे विचारत नाही. औषधाचे निम्मे वीर्य मात्र त्याच दिवशी ठरून जाते.

मुळांच्या संग्रहाविषयी चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या प्रथम अध्यायात ग्रीष्म किंवा शिशिर हे ऋतू सांगितले आहेत आणि पाने गळलेली वा पूर्ण पक्व झालेली असावीत, अशी अट घातली आहे. सुश्रुताचार्यांनी ऋतूनुसार अंगे वाटून देणाऱ्यांचे मत सांगून ते अमान्य केले. सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूंत व आग्नेय द्रव्ये आग्नेय ऋतूंत घ्यावीत, असा त्यांचा पक्ष आहे. अश्वगंधा उष्णवीर्य आहे आणि शिशिर हा आदानकालाचा पहिला ऋतू. त्यामुळे या द्रव्यापुरते तरी दोन्ही आचार्यांचे मत एकाच ठिकाणी येते. शार्ङ्गधरांनी सर्व कार्यांसाठी सरस द्रव्य शरद ऋतूत घ्यावे असे म्हटले आहे. तो नियम आपल्या पिकाला जसाच्या तसा लावला तर फसगत होईल. सोलापूर जिल्ह्यात भरवशाचा पाऊस भाद्रपदाच्या आसपास पडतो, म्हणून पेरणी श्रावणाअखेर होते. शरदात ते रोप जेमतेम दोन महिन्यांचे असते व मूळ करंगळीएवढेही भरलेले नसते. शास्त्रवचन लावताना आपली भूमी आणि पेरणीचा दिवस विसरून चालत नाही.

पेरणीपासून साधारण 150 ते 180 दिवसांनी पीक काढणीस येते. ऑगस्टच्या मध्यास पेरले तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. तथापि दिवस मोजणे हे केवळ स्मरणासाठी. निर्णय रोपाकडे पाहूनच करावा. खालची पाने पिवळी पडून वाळू लागतात. फळावरील कागदासारखे वेष्टन सुकते व आतील फळ हिरव्याचे केशरी-तांबडे होते. शेतातील बहुसंख्य रोपांवर अशी तांबडी फळे दिसू लागली, की पीक तयार झाले असे समजावे. दोन-चार रोपांवरून निष्कर्ष काढू नये. बांधालगतची रोपे नेहमी आधी पिकतात.

यानंतर मुळाची परीक्षा. शेताच्या मध्यभागातून चार-पाच रोपे उपटून मूळ एक-दोन दिवस वाळवावे व मोडावे. तयार मूळ कट्‌ आवाज करून तुटते आणि आत पांढरे, पिठूळ दिसते. लवचीक राहून वाकत असेल तर ते कच्चे आहे किंवा नीट वाळलेले नाही. तुटताना तंतू निघत असतील, मध्यभाग काष्ठमय असेल, तर काढणी लांबली आहे. पिठूळपणा हाच या मुळाच्या बृंहण गुणाचा दृश्य पुरावा आहे, असे माझे मत आहे. पाठ्यपुस्तकांत यावर एखादीच ओळ सापडते.

काढणीच्या तोंडाशी पाणी देणे किंवा अवकाळी पाऊस हे दोन्ही घातक. रोप पुन्हा पालवते, मुळातील साठा खर्ची पडतो, वाळवताना बुरशी येते. भीमेकाठच्या भारी काळ्या जमिनीत ओल टिकते व मूळ फाटे फोडते. सांगोला, माढा भागातील निचऱ्याची मुरमाड जमीन याला अधिक मानवते. या जमिनीत मूळ सरळ उतरते आणि उपटतानाही तुटत नाही.

काढल्यावर खोडाचा भाग मुळाच्या मानेपासून एक-दोन सेंटिमीटर वर छाटावा, माती झाडावी, सात ते दहा सेंटिमीटरचे तुकडे करून 10 ते 12 टक्के ओलावा राहीपर्यंत वाळवावे. बाजारात सुमारे सात सेंटिमीटर लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, ठिसूळ व आतून शुभ्र माल पहिल्या प्रतीचा गणला जातो. बारीक, पिवळसर तुकडे अखेरच्या प्रतीत जातात. फार्मसीचालकांनी चूर्ण घेण्याऐवजी अखंड मूळच घ्यावे. एकदा मी स्वस्त मिळाले म्हणून तयार चूर्ण घेतले. रंग हिरवट, चव प्रमाणाबाहेर कडू. पाला मिसळलेला होता, हे उशिरा ध्यानात आले. तोवर तीन रुग्णांना ते दिले गेले होते व त्यातील एकास पोटदुखी झाली. पानांत विथाफेरिन-ए अधिक असते. आयुष मंत्रालयानेही ऑक्टोबर 2021 मध्ये उत्पादकांना पाने न वापरता मूळच वापरण्याची सूचना केली आहे.

जाता जाता विजयेसंबंधी, कारण जातीफलादि चूर्ण करणारे बंधू याबाबत नेहमी विचारतात. तेथे पक्वतेचा प्रश्न कायद्याशीही जोडलेला आहे. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांशिवायची पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून फुलोरा मिसळलेला माल, मग तो कितीही 'जोरकस' म्हणून दिला जात असो, नाकारावा. राज्याचे दारूबंदी नियम व परवाना पाहिल्याखेरीज पानेही खरेदी करू नयेत.

शेतकऱ्याकडील दोन रोपांपैकी एकावर फळे तांबडी होती, दुसऱ्यावर हिरवी. मुळे मोडून पाहिली, दोन्ही वाकली. मी त्यांना तीन आठवडे थांबण्यास सांगितले व पाणी पूर्ण तोडण्यास सुचविले. पाऊस आला असता तर माझा सल्ला त्यांना महाग पडला असता, हे मी त्यांना त्याच वेळी सांगितले होते. ढग पांगले. फाल्गुनाच्या आरंभी त्यांनी काढणी केली व मोडून पाहण्यासाठी मूठभर मुळे आणून दिली. ती खटाखट तुटली.