वर्गातील उजेडाचे मोजमाप

(इयत्ता सातवी व आठवी : विज्ञान)

हेतू : देवगाव फाट्यासारख्या गावी चैत्रातील झळा चुकविण्यासाठी वर्गाच्या खिडक्या लोटून घ्याव्या लागतात. दाराशी उभ्या असलेल्या शिक्षकास सर्वत्र पुरेसा उजेड भासतो; परंतु कोपऱ्यातील मुलास अक्षरे नीट दिसत नाहीत, आणि तो वाचनात कच्चा म्हणून गणला जातो. डोळ्याची बाहुली अंधारात विस्तारते व उजेडात आकुंचन पावते. म्हणून केवळ नजरेने उजेडाचा अंदाज बांधणे योग्य नव्हे.

साधन : बीएच १७५० हा अंकीय प्रकाशसंवेदक घ्यावा. प्रकाशानुसार ज्याचा रोध बदलतो अशा साध्या एलडीआरवरून लक्स काढण्यास निराळी तुलना करावी लागते. या संवेदकात प्रकाशामुळे निर्माण होणाऱ्या विद्युत्प्रवाहाचे अंकात रूपांतर आतच होते. त्या अंकास १.२ ने भागले असता लक्स मिळतात. एक चौरस मीटर पृष्ठावर एक ल्यूमेन प्रकाश समप्रमाणात पडला, की तो एक लक्स होय.

जोडणी : संवेदकाची पट्टी अर्डुइनो युनोस जोडावी. विद्युत्पुरवठा ३.३ व्होल्टच्या टोकास, ग्राउंड ग्राउंडला, एसडीए ए४ ला व एससीएल ए५ ला जोडावे. ॲड्रेस हे टोकही ग्राउंडला जोडावे. म्हणजे संवेदकाचा पत्ता षोडशमान पद्धतीने २३ होतो. तयार लायब्ररी वापरल्यास १.२ चा भागाकार बहुधा तिच्यातच केलेला असतो. तो पुन्हा करू नये.

कृती : मुलांकडून वर्गाचा नकाशा काढून घ्यावा. संवेदक वहीच्या जागी आडवा ठेवून प्रत्येक जागेचे तीन वेळा मापन करावे व सरासरी नकाशात लिहावी. मापन करणाऱ्याची सावली संवेदकावर पडू देऊ नये. वाचनासाठी साधारणतः ३०० लक्स उजेड असावा.

सूचना : भर उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, नेहमीच्या मांडणीत हा संवेदक सुमारे ५४,६०० पर्यंतच मोजतो. तेथे आकडा स्थिरावला, तर ते उन्हाचे खरे माप समजू नये.

समारोप : आकडे फळ्यावर लिहून पाठ संपवू नये. कमी उजेडाच्या जागेवरील मुलास पुढे घ्यावे, सावलीकडील खिडकी उघडावी, भिंतीस चुना द्यावा, आणि पुन्हा मोजावे. वाढलेला आकडा मुलांनी स्वतः पाहावा, हेच या पाठाचे फलित होय.