नेचा आणि कुत्रा

नेचा ही बिनफुलांची वनस्पती आहे. ती ओल्या व सावलीच्या जागी वाढते. आमच्या विहिरीच्या आतल्या दगडांवर ती पुष्कळ आहे. पानाच्या मागे तपकिरी ठिपके असतात. ती कीड नव्हे. त्यांत बीजाणू असतात. त्यांपासून नवा नेचा होतो.

आमच्या आईने कुंडीत झुपकेदार नेचा लावलाय. आमचा मोत्या त्याची पानं चावतो. त्याला विषबाधा होईल का, असे मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "हा नेचा विषारी नाही. फार खाल्ला तर उलटी होईल, एवढंच." पण सगळे नेचे सारखे नसतात. हिमालयात ब्रॅकन नावाचा नेचा उगवतो. तो गुरांनी बरेच दिवस खाल्ला तर त्यांच्या लघवीतून रक्त जाते.

मोत्याला खरी भीती दुसऱ्या झाडांची आहे. कण्हेरीचे पान, फूल, साल, सगळे विषारी असते. वाळलेले पानसुद्धा! त्याने हृदय बिघडते. एरंडाच्या बियाही विषारी असतात. एरंडीची पेंड खत म्हणून घालतात. कुत्रा ती उकरून खातो आणि त्याला रक्ताचे जुलाब होतात.

म्हणून मित्रांनो, पेंड झाकून ठेवा. कण्हेरीची छाटलेली फांदी गोठ्याजवळ टाकू नका. कुत्र्याने काही खाल्लेच तर घरचे औषध देत बसू नका. त्या झाडाची डहाळी बरोबर घ्या आणि लगेच गुरांच्या दवाखान्यात जा.