तळोज्यात सायकल शर्यतीचा मार्ग असा आखा

सिडकोने वसवलेल्या तळोज्यात रुंद, सरळ रस्ते भरपूर. नकाशा पाहिला की शर्यतीचा मार्ग आयताच मिळाला असं वाटतं. पण शेजारीच औद्योगिक वसाहत आहे, तिथले टँकर आणि ट्रेलर दिवसरात्र धावतात. म्हणून मार्ग नकाशावर शोधा, पण पक्का सायकलवर बसूनच करा.

साहित्य : खडू, टेप, शिट्ट्या, झेंडे, बॅरिकेड, गवताच्या गाठी, खराटे आणि जागेवर उभी रुग्णवाहिका.

1. फेरी ठरवा. लांबच्या मार्गापेक्षा त्याच रस्त्यावर पुन्हा पुन्हा फिरणारी ‘क्रायटेरियम’ शर्यत इथे सोयीची. आंतरराष्ट्रीय नियमांत तिची फेरी 800 मीटर ते 10 किलोमीटर असते. अडीच किलोमीटरची ठेवली तर घोळका चारेक मिनिटांनी पुन्हा समोर येतो. प्रेक्षक टिकतात, स्वयंसेवकही कमी लागतात.

2. नको ते वगळा. ट्रकचे रस्ते, रेल्वेमार्ग ओलांडणारे रस्ते आणि पेंधरकडे जाणाऱ्या मेट्रोखालचा भाग सोडा. खांबाआडून वळणारी गाडी ऐनवेळी दिसते.

3. दिशा डावी ठेवा. आपली वाहतूक डावीकडून चालते. सगळी वळणं डावी घेतली, तर दुभाजक कुठेच ओलांडावा लागत नाही. मात्र फेरीच्या आतल्या सोसायट्या कोंडल्या जातात. फेरीसाठी कमी वस्तीचा भाग निवडा, एक जागा ये-जा करण्यासाठी राखा आणि घोळका पुढे गेल्यावरच ती शिट्टीवर उघडा. सोसायट्यांत आठवडाभर आधी पत्रकं वाटा.

4. चाकाच्या उंचीवरून रस्ता पाहा. शर्यतीच्याच वारी, त्याच वेळी फेरी मारा. रेसिंग सायकलचं टायर जेमतेम 25 ते 28 मिलिमीटर रुंद. गटाराच्या जाळीची उभी फट त्याला सहज गिळते. अशी जाळी, गतिरोधक, सुटलेले पेव्हर ब्लॉक, डिझेलचे डाग खडूने खुणवा. जे दुरुस्त होणार नाही, त्यावरून मार्ग नेऊ नका.

5. वळणं तपासा. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट स्पर्धकांची चाळणी करतो. तळोज्याच्या सपाटीवर ते काम वळणांना करावं लागतं. वळण रुंद हवं, आत शिरण्याआधी त्याचा शेवट दिसायला हवा. बाहेरच्या बाजूच्या खांबांना गवताच्या गाठी बांधा. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. झेंडेवाला अडथळ्याजवळ नव्हे, किमान 50 मीटर अलीकडे उभा करा.

6. शेवट सरळ ठेवा. शेवटच्या वळणानंतर निदान 300 मीटर मोकळा, सपाट रस्ता हवा. रेषेपुढेही 100 मीटर बॅरिकेड लावा. छायाचित्रकार आणि नातेवाईक बरोबर तिथेच रस्त्यावर उतरतात.

7. परवानग्या घ्या. नवी मुंबई वाहतूक पोलीस, पनवेल महापालिका आणि रस्ता सिडकोकडे असल्यास सिडको, सगळ्यांकडे एकच नकाशा द्या. कारखान्यांच्या पाळ्या कधी सुटतात ते विचारून वेळ ठरवा. पावसाळ्यानंतरची, उन्हं चढण्याआधीची सकाळ उत्तम.

8. सकाळी पुन्हा झाडा. रात्रीत डंपरमधून खडी सांडलेली असतेच. वळणं खराट्याने साफ करा, मोटारसायकलवरून अखेरची फेरी मारा. शर्यत थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा आणि तो कोण, हे स्पर्धकांना सुरुवातीच्या रेषेवरच दाखवा.