पिल्लांतील शिकारी वृत्तीची पारख

बारामती व इंदापूर या तालुक्यांत एकीकडे नीरा डाव्या कालव्याखालील ऊंस आणि दुसरीकडे जिरायत व माळरान अशी स्थिति आहे. दोहींकडे राखणीस कुत्रें लागतें, व पुष्कळांचें मन लांब तोंडाच्या, बारीक कमरेच्या कारवान जातीकडे ओढतें. मुधोळ संस्थानावरून मुधोळ हाउंड या नांवानेंही प्रसिद्ध असलेल्या या जातीचें तिकीट टपाल खात्यानें २००५ सालीं काढलें. शिकारी वृत्तीचें पिल्लूं कसें ओळखावें, हें आम्ही येथें सांगणार आहों. परंतु ओळखून तें घ्यावें कीं टाळावें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

शिकारी वृत्ति ही एकच गोष्ट नव्हे. सावज न्याहाळणें, त्यावर नजर खिळविणें, पाठलाग करणें, धरणें व मारणें अशा तिच्या पायऱ्या आहेत. कारवान कुत्रा नजरेनें शिकार करणारा असल्यामुळें त्याच्यांत पहिल्या तीन पायऱ्या तीव्र असतात. मेंढरें राखणाऱ्या चांगल्या कुत्र्यांत या पायऱ्या मंद असतात. म्हणूनच तो कळपांत निवांत बसूं शकतो.

पिल्लें सुमारें सात आठवड्यांचीं झालीं म्हणजे परीक्षा घ्यावी. जागा अनोळखी असावी, पिल्लूं झोपेंतून उठून ताजें झालेलें असावें, व एकेक पिल्लूं वेगळें पाहावें.

(१) काठीस दोरी व दोरीस चिंधी बांधून ती जमिनीवरून झटके देत ओढावी. जें दुरून नजर लावतें, धांवतें व चिंधी लपविल्यावरही शोधीत राहतें, त्याची वृत्ति तीव्र समजावी. जें थोडें पाहून सोडून देतें, त्याची मंद.

(२) दहा हात अंतरावर पत्र्याचा डबा पाडावा. दचकणें हा दोष नव्हे. दचकून पुन्हां हुंगावयास येतें कीं कोपऱ्यांत दडतें, हें पाहावें.

(३) जाळीच्या आड शांत मेंढी बांधावी. पिल्लूं तिच्यावर झेपावतें, कीं हुंगून शेजारीं बसतें, याची नोंद करावी.

दोन दिवसांनीं हीच परीक्षा पुन्हां घ्यावी. तरीही तिच्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. स्वीडनमध्यें जर्मन शेफर्ड पिल्लांवर केलेल्या व १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या परीक्षेवरून मोठेपणींच्या कामाची लायकी सांगतां येत नाहीं, असें आढळलें. म्हणून पिल्लाच्या आईबापांस प्रत्यक्ष कामावर पाहिल्यावांचून सौदा करूं नये.

आतां मूळ प्रश्न. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्यान्वयें चिंकारा व ससा यांची शिकार गुन्हा आहे. मारण्या-पकडण्याच्या हेतूनें त्यांस हाकणें हेंही शिकारींतच मोडतें. बारामती तालुक्यांत सुपें येथें चिंकाऱ्यासाठीं १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य झालें, आणि इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीच्या माळावरही चिंकारा चरतो. रात्रीं मोकळें सुटलेलें तीव्र वृत्तीचें कुत्रें त्याचीं पाडसें मारतें, तेथील लांडग्यांस व खोकडांस डिस्टेंपर व रेबीज हे रोग लावूं शकतें, आणि एखादे दिवशीं शेजाऱ्याच्या कोंकरांवरही पडतें. यास्तव माळाकांठच्या वस्तीस व मेंढरांच्या राखणीस परीक्षेंत धीट पण पाठलागांत मंद ठरलेलें पिल्लूंच घ्यावें. तीव्र वृत्तीचें पिल्लूं ज्यास हवेंच असेल, त्यानें भक्कम कुंपण व रोजच्या धांवेची सोय आधीं करावी.

पारखीइतकेंच महत्त्व संगतीस आहे. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लूं ज्यांच्या सहवासांत वाढतें, त्यांस तें आपलें मानूं लागतें. तेव्हां मेंढ्यांजवळ वाढलेल्या वेतांतील पिल्लूं पाहावें, आठ आठवड्यांआधीं तें आईपासून तोडूं नये, आणि घरीं आणल्यावर गरीब मेंढ्यांच्या शेजारींच बांधावें. डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून व रेबीजची तीन महिन्यांचें झाल्यावर पशुवैद्याकडून टोंचून घ्यावी. पुढें पाडस दिसतांच धांवणारें कुत्रें आंवरण्यापेक्षां, आरंभींच नेमकें पिल्लूं निवडणें सोपें आहे.